देवळालीचा ताप

मंगळवारची गोष्ट, म्हणजे जखम अजून ओली आहे. इंग्लंडात, शेफील्डमधल्या आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, चढ धरला तर आठ (आणि शेफील्डात चढ धरावाच लागतो), एक पब आहे. तिथे बिअरचा पाइंट (इथला मोठा ग्लास) घेतला, एक घोट घेतला आणि काउंटरवरच्या पोराला म्हणालो, "ही आंबलीय."

पोरगा विशीतला. ग्लास हातातही न घेता म्हणाला, "ही रिअल एल आहे. ती अशीच लागते."

मी अशा घरात वाढलो, जिथे आई पातेल्यावरचं झाकण बोटभर उचलायची आणि सांगायची, हे पीठ अजून दोन तास, हे ताक आता फक्त कढीला, आणि हे वरण सकाळपर्यंत टिकणार नाही. आंबोळीचं आंबट वेगळं, ताकाचं वेगळं आणि कालच्या आमटीचं वेगळं. तिसरं आलं की भांडं मोरीत. या विषयात माझं शिक्षण तोंडात दात यायच्या आधी सुरू झालं होतं. आणि आज, शेफील्डच्या थंडीत जिथे इडलीचं पीठ फुगावं म्हणून मी दोन-दोन रात्री ओव्हनचा दिवा जळत ठेवतो, तिथे एक पोरगा मला आंबट म्हणजे काय ते शिकवत होता.

रिअल एल ही बिअर गाळून, तापवून, वरून वायू भरून आलेली नसते. पिंपात यीस्ट जिवंत असतं, पबच्या तळघरातही त्याचं काम चालू असतं आणि जो काही वायू असतो तो तिथेच तयार झालेला. काउंटरवर हापसा असतो. अगदी आपला गावचा हापसाच म्हणा, फक्त दांडा पॉलिश केलेला. जोसेफ ब्रामा नावाच्या माणसाने १७९७ साली बिअरच्या पंपाचं पेटंट घेतलं, आणि तो मूळचा इथल्याच बार्न्स्लीकडचा. त्यामुळे या भागातल्या लोकांना हापशाबद्दल जरा जास्तच अभिमान. बिअर साधारण १२ अंशांवर देतात. पुण्याहून येणारे पाहुणे तिला "गरम बिअर" म्हणून नाक मुरडतात. १२ अंशांना आम्ही नाशिककर कानटोप्या बाहेर काढतो, पण पुणेकरांशी कोण वाद घालणार?

खोट आहे ती पुढेच. जितकी बिअर वर हापसावी तितकी हवा खाली पिंपात शिरते. त्यामुळे पिंप एकदा लावलं की साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं. नेहमीच्या पिंपात ७२ पाइंट असतात. शनिवारी लावलेलं पिंप, रविवार-सोमवार धो धो पाऊस, गिऱ्हाईक घरी. मंगळवारी काय निघणार? व्हिनेगर. यात पोराचाही दोष नाही, पावसाचा आहे. पण चाखून तरी बघ ना बाबा!

शिवाय बिअर नितळ व्हावी म्हणून पिंपात माशाच्या पोटातल्या फुग्याची खळ घालतात. आपले कोळी ज्याला बोत म्हणतात, तेच. माझा एक माळकरी मित्र "जवाचं पाणीच ते" असं म्हणून महिन्यातून एखादा पाइंट घ्यायचा. त्याला मी हे सांगितलं, तर दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मग कळलं की हल्ली काही जण माशाशिवायही बिअर करतात, ती जरा गढूळ राहते इतकंच. तो म्हणाला, "गढूळ तर आषाढात गोदावरीपण असते," आणि घेतली. असो. सांगत होतो मंगळवारचं.

कोपऱ्यात एक आजोबा बसतात. स्टूल ठरलेलं, पाइंट ठरलेला, पायाशी एक म्हातारं कुत्रं. सहा वर्षांत आमचं बोलणं हवामानाच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे, लव्ह."

इथे पुरुष पुरुषालाही लव्ह म्हणतात. मला पहिल्यांदा एका बस ड्रायव्हरने म्हटलं होतं. मी दोन स्टॉप आधी उतरलो.

आजोबांनी ग्लास दिव्याकडे धरला. मग नाकाशी नेला आणि डोळे मिटले, वैद्य नाडी बघताना मिटतात तसे. प्याले नाहीत. त्यांनी वाकून अंगठाभर बिअर कुत्र्याच्या वाडग्यात ओतली. कुत्र्याने हुंगलं, एक शिंक दिली आणि हनुवटी परत फरशीवर टेकवली.

"गेलीय," आजोबा म्हणाले.

"सॉरी," पोरगा म्हणाला, आणि त्याने हापशावरचा बिल्ला उलटा फिरवला. म्हणजे ही बिअर बंद. नवा पाइंट दुसऱ्या हापशाचा, पैसे नाहीत, सगळं एका मिनिटात. फक्त सॉरी आजोबांकडे बघून. म्हणजे क्रम असा: आधी आजोबा, मग कुत्रं, मग मी. आणि पैसे दिले होते मी!

आभार मानून मी शेजारी टेकलो, ही दुसरी चूक.

"तू इंडियाचा ना? आयपीए घेत जा, इंडिया पेल एल. तुमच्याकडचीच बिअर."

मी म्हणालो, ती तुमच्या लोकांनी तुमच्याच लोकांसाठी बोटीने पाठवलेली. आमच्या पणजोबांच्या वाट्याला फार तर रिकामं पिंप आलं असेल.

"पिंपं चांगली असायची तेव्हा," आजोबा म्हणाले. मग पोराकडे मान करून मला हळूच, "वाईट नाहीये तो. जरा डुलॅली आहे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण परदेशात आपल्या गावाचं नाव कानावर पडलं की माणसाचं भान सुटतं.

"आजोबा, डुलॅली माझ्या गावाशेजारी आहे."

"काय आहे?"

"डुलॅली. देवळाली. मुंबईहून येताना नाशिक रोडच्या आधीचं स्टेशन. माझी मावशी राहते तिथे."

आजोबांनी माझ्याकडे, मग माझ्या पाइंटकडे पाहिलं. "डुलॅली म्हणजे डोकं फिरलेला, लव्ह."

"हो, पण शब्द आला गावावरून. तुमच्या सैनिकांची तिथे छावणी होती. घरी नेणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे. उकाडा, कंटाळा, काम नाही. डोकी फिरायची."

"माझे वडील म्हणायचे हा शब्द. वडील तर शेजारच्या रॉदरहॅमच्या पुढे कधी गेले नाहीत."

"शब्द आला ना इकडे!"

"कशाला येईल?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी आणखी खोल गेलो. "मूळ शब्द डुलॅली टॅप. त्यातला टॅप म्हणजे आमचा ताप."

आजोबांनी काउंटरकडे बोट केलं. "टॅप तो."

"तो नाही. ताप. फीव्हर."

"टॅपला फीव्हर?"

"माणसाला! आमच्याकडे तापाचे दोन अर्थ आहेत, एक अंगातला आणि एक डोक्याला..." हे वाक्य इंग्रजीत पूर्ण होत नाही. तुम्ही करून बघा.

आजोबांनी बराच वेळ विचार केला. मग सगळ्या पबला ऐकू जाईल अशा आवाजात पोराला म्हणाले, "ऐकलंस का? हा म्हणतो, हा डुलॅलीचा आहे!"

पब हसला. पोरगा तर मोकळा होऊन हसला; बिअरबद्दल माझं का ऐकू नये, याचा दाखला मीच त्याला लेखी दिल्यासारखा. मीही हसलो. न हसून जाणार कुठे?

पण घरी येताना चढावर हसू उतरलं. "असंच असतं" हे वाक्य मी इथे चौदा वर्षं ऐकतोय. भिंतीला ओल आली, तर घरमालक म्हणाला, जुनी घरं अशीच असतात. ऑफिसात माझं नाव तीन पत्रांत तीन प्रकारे छापलं, तर म्हणाले, सिस्टीम अशीच आहे. तीच तक्रार शेजारच्या टेबलावरच्या माणसाने केली, की दुपारपर्यंत सिस्टीम सुधारते. भांडायला जावं तर कोणी वाईट वागलेलं नसतं. सगळे गोड बोलतात, लव्ह म्हणतात. फक्त आपलं नाक खरं धरायला दुसरं एखादं नाक लागतं, आणि ते कुत्र्याचं असलं तरी चालतं.

बायकोने दार उघडलं, हुंगलं आणि म्हणाली, "आंबल्याचा वास येतोय." तिला न चाखता कळलं. मला गहिवरून आलं. ती म्हणाली, "शर्ट धुवायला टाक."

काल परत गेलो. दुसरा पब आहे, पण तो चढाच्या वर. पोराने ओळखून हात केला, "डुलॅली!" आता तेच माझं नाव. हापसा तीनदा ओढला, पाइंट काठोकाठ भरला. मी हात पुढे केला, तर ग्लास माझ्यासमोरून सरकत कोपऱ्यात गेला. आजोबांनी डोळे मिटून वास घेतला.

"चालेल, लव्ह," ते म्हणाले, आणि ग्लास माझ्याकडे आला.