एक्स-रेत दिसलं नाही म्हणजे हाड शाबूत? हा मेसेज पुढे पाठवणं थांबवा

'सायकलवरून पडलात? ऑपरेशनच्या नावाखाली लुटले जाण्याआधी हे वाचा' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. मी तो आधी दोन-तीन ठिकाणी पाहिला होता आणि सोडून दिला होता. मग तो नाशिकला माझ्या मावशीच्या फोनवर पोचला. मावशी पन्नाशी ओलांडल्यावर सायकल शिकली. त्र्यंबक रोडला वळणावर सांडलेल्या खडीवरून तिचं चाक घसरलं आणि ती हातावर पडली. मनगट सुजलं, पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही. तरी डॉक्टरांनी स्लॅब, म्हणजे एका बाजूने आधार देणारं अर्धं प्लास्टर, घालून दहा दिवसांनी परत बोलावलं होतं. मेसेज वाचून तिने स्लॅब सोडला आणि मालीश करणाऱ्याला घरी बोलावलं. मला फोन आला तो त्यानंतर: "अगं, अंगठा टेकवला तरी कळ येते. आधी इतकं दुखत नव्हतं. असंच असतं का?"

नाही मावशी, असं नसतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि सायकल चालवते. पडलेले सायकलवाले माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा हाड जुळल्यावर, कधीकधी न जुळल्यावर. म्हणून या मेसेजमधल्या एकेका मुद्द्याला उत्तर देते. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण त्यातला पहिलाच मुद्दा सगळ्यात घातक आहे.

"एक्स-रेत फ्रॅक्चर दिसलं नाही म्हणजे मुका मार. स्लॅब-प्लास्टर काढून टाका आणि पहिल्या दिवसापासून गरम तेलाने चोळा, नाहीतर सांधा कायमचा आखडेल."

सायकलवरून पडताना माणूस आपोआप हात पुढे टाकतो. सगळा भार तळहाताच्या टाचेवर येतो. मनगटात आठ छोटी हाडं आहेत, त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूचं स्केफॉइड नावाचं हाड या पडण्यात सर्वांत जास्त वेळा मोडतं. आकाराने काजूएवढं हे हाड पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, कारण चीर बारीक असते आणि तुकडे जागचे हललेले नसतात. हे कुठलंही गुपित नाही. हाडांच्या प्रत्येक डॉक्टरला हे शिकवलेलं असतं. म्हणूनच अंगठा ताणून वर केल्यावर मनगटाच्या बाजूला जो खळगा पडतो, तिथे दाबून दुखलं तर एक्स-रे स्वच्छ असला तरी फ्रॅक्चर आहे असं धरून हात बांधतात. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा थेट एमआरआय करतात. मावशीला स्लॅब घातला होता तो याच कारणासाठी. तो लुटीचा प्रकार नव्हता, त्या डॉक्टरांनी आपलं काम नीट केलं होतं.

आता या हाडाला चोळलं तर काय होतं? स्केफॉइडला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळतं आणि तिथून ते कोपराकडच्या टोकापर्यंत उलट वाहत येतं. पाटाचं पाणी एकाच बाजूने वावरात यावं आणि मध्येच पाट फुटावा, तसं हाड मध्ये मोडलं की पलीकडच्या तुकड्याचं रक्त तुटतं. हात स्थिर ठेवला तर बहुतेक वेळा ते जुळतं, पण सहा ते बारा आठवडे लागतात, चीर कोपराकडच्या टोकाला असेल तर आणखी जास्त. हात हलत राहिला तर दोन्ही तुकडे वेगळे राहतात, एक तुकडा रक्तावाचून मरूही शकतो आणि काही वर्षांनी पूर्ण मनगटाला संधिवात धरतो. तेव्हा माणसाला पडल्याची आठवणही राहिलेली नसते. तो येऊन सांगतो की हँडल धरलं की मनगट दुखतं, ब्रेक दाबवत नाही.

मावशीचा एमआरआय केला. स्केफॉइड मोडलेलं निघालं, तुकडे सुदैवाने सरकले नव्हते. पुन्हा प्लास्टर आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी.

याच मुद्द्यात आणखी एक गोष्ट आहे आणि तिचा मला खरोखर राग येतो. मेसेज म्हणतो, कोपराला मार असेल तर 'जोर लावून' चोळून सांधा मोकळा करा. कोपर हा मालीशसाठी सगळ्यात वाईट सांधा आहे. मार लागलेल्या कोपराला जोराने चोळलं आणि ताणलं तर आसपासच्या स्नायूत चक्क हाड तयार होऊ लागतं. मायोसायटिस ऑसिफिकान्स म्हणतात त्याला. मग जो हात चार-सहा आठवड्यांत सरळ झाला असता तो काटकोनात अडकतो. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून आवळलेली पट्टी तर त्याहून भयंकर. आतली सूज वाढते, पट्टी सैल होत नाही, स्नायूंचं रक्त थांबतं आणि काही तासांत स्नायू कायमचे जातात. बोटं बधिर होणं, निळी पडणं, कोणी बोटं सरळ करायला गेलं तर कळ मस्तकात जाणं, यातलं काहीही दिसलं तर पट्टी ताबडतोब सोडायची आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. दवाखान्यात घातलेलं प्लास्टर घट्ट झालं तरी हाच नियम.

सांधा आखडतो हे खरं आहे का? आहे. प्लास्टर निघाल्यावर मनगट लाकडासारखं वाटतं, मला ते रोज दिसतं. पण आखडलेला सांधा व्यायामाने सुटतो, त्याला आठवडे लागतात एवढंच. मेलेला हाडाचा तुकडा व्यायामाने जिवंत होत नाही.

"कॉलरबोनला प्लेट कधीच लागत नाही. झोळीत हात अडकवा, हाड आपोआप जुळतं. प्लेट हा निव्वळ धंदा आहे."

कॉलरबोन म्हणजे गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड आणि प्लेट म्हणजे ते जोडायला ऑपरेशन करून बसवलेली धातूची पट्टी. या मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि ते मला मान्य करावंच लागेल. कॉलरबोन मोडली पण तुकडे जागेवर असतील तर स्लिंग, म्हणजे हीच झोळी, पुरते. ऑपरेशनची घाई करणारे दवाखानेही आहेत, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला कोणी लाजू नये. पण 'कधीच' हा शब्द खोटा आहे. कॅनडातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेली एक चाचणी २००७ साली 'जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी'त आली. कॉलरबोन मध्यावर मोडून तुकडे पूर्ण सरकलेले १३२ रुग्ण त्यांनी घेतले. कोणाला प्लेट आणि कोणाला स्लिंग हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. वर्षभरानंतर तपासायला आलेल्यांत प्लेटवाल्या ६२ पैकी २ जणांचं हाड जुळलेलं नव्हतं, स्लिंगवाल्या ४९ पैकी ७ जणांचं. एक्स-रेत हाड जुळल्याचं दिसायला प्लेटवाल्यांना सरासरी १६.४ आठवडे लागले, स्लिंगवाल्यांना २८.४.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायचे. स्लिंगवाल्या ४९ पैकी ४२ जणांचं हाड ऑपरेशनशिवाय जुळलं, म्हणजे स्लिंग घेणारा माणूस वेडा नाही. प्लेटवाल्यांनाही जखमेत जंतुसंसर्ग होणं, प्लेट टोचणं असे त्रास झाले. खांद्यावर सॅक अडकवणाऱ्याला प्लेट टोचू शकते, मग काहींना ती नंतर काढावी लागते. तरीही तुकडे सरकलेल्या माणसाला 'प्लेट म्हणजे धंदा' असं सांगून घरी बसवणं म्हणजे सातात एक अशी जोखीम त्याला न विचारता त्याच्या गळ्यात घालणं. तुकडे किती सरकलेत, हाड किती आखूड झालंय, हे एक्स-रे बघून ठरतं. पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात एक्स-रे आणि प्लास्टर दोन्ही होतं. मालीशवाल्याचे पैसे वाचतील.

"टूर द फ्रान्सचे सायकलपटू मोडलेल्या हाडाने आठव्या दिवशी सायकलवर असतात. दुखणं मारून चालवा."

आणि याच मेसेजमध्ये खाली लिहिलंय की पन्नाशीनंतर हाड जुळत नाही, सायकल विकून टाका! लिहिणाऱ्याने स्वतःचं लिखाण तरी एकदा वाचायचं.

आधी आठव्या दिवसाच्या दाव्याचं बघू. टूरमधल्या तीन सायकलपटूंचं काय झालं ते घ्या. तादेय पोगाचार २३ एप्रिल २०२३ रोजी लीएज–बास्तोन–लीएज शर्यतीत पडला आणि त्याचं हेच, मावशीचं मोडलं तेच, स्केफॉइड मोडलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. तो बाहेरच्या रस्त्यावर लगेच आला नाही, आधी घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे जागीच चालणाऱ्या स्थिर सायकलवर, पाय चालवत राहिला. शर्यतीत उतरला तो जूनमध्ये आणि जुलैच्या टूरमध्ये दुसरा आला. योनास विंगेगार्ड एप्रिल २०२४ मध्ये बास्क प्रांतातल्या शर्यतीत उतारावर पडला. कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुफ्फुसालाही इजा झाली. बारा दिवस तो रुग्णालयात होता. जूनअखेरीस टूर सुरू झाली तेव्हा तो रांगेत उभा होता आणि तोही दुसरा आला. एगान बर्नाल २४ जानेवारी २०२२ ला कोलंबियात सरावाच्या वेळी उभ्या बसवर आदळला. मणके, मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, बरगड्या, सगळं मोडलं. शर्यतीत तो ऑगस्टमध्ये परतला आणि पूर्वीच्या ताकदीच्या जवळपास यायला त्याला पुढची कित्येक वर्षं लागली.

यात आठवा दिवस कुठे आहे? या लोकांच्या दिमतीला स्वतःचे डॉक्टर, रोजचे व्यायाम घेणारी माणसं आणि दिवसभर झोपायची मुभा असते. तरी महिने लागतात. आपल्याकडे माणूस दुसऱ्या आठवड्यात ऑफिसला जातो, घरी येऊन पोळ्या लाटतो आणि मेसेज वाचून स्वतःला भित्रा समजतो. बाकी काही घ्यायचं असेल तर पोगाचारचा ट्रेनर घ्या. हात प्लास्टरमध्ये असताना, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, स्थिर सायकलवर हात न टेकता पाय चालवता येतात. दम टिकतो आणि मनही ताळ्यावर राहतं.

"हेल्मेटने मानेला जास्त झटका बसतो." मार्च २००३ मध्ये पॅरिस–नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हेल्मेटविना पडून दगावला आणि त्याच वर्षी व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं. त्यापुढे वाद घालायची माझी तयारी नाही. एवढंच सांगते की एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो, ते टाकून नवीन घ्या. आणि डोक्याला मार लागून गरगरलं, उलटी झाली, काय घडलं ते आठवेना, तर त्या दिवशी सायकलवर पुन्हा बसायचं नाही. ग्रुपवाल्यांनी बसू द्यायचं नाही. सरळ दवाखान्यात न्यायचं.

"कांडवेल आणि हळद-दूध." हाड जुळावं म्हणून मेसेजने सांगितलेले हे घरगुती उपाय; कांडवेल ही त्यासाठी वापरली जाणारी एक वेल. दूध प्या, हळद घालून प्या. उघड्या जखमेवर कुठलाही लेप नको, धनुर्वाताचं इंजेक्शन हवं. हाड लवकर जुळावं असं खरंच वाटत असेल तर सिगारेट-तंबाखू बंद करा, मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा. तंबाखूने आणि वाढलेल्या साखरेने हाड जुळायला रेंगाळतं हे पक्कं ठाऊक आहे, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, ज्याने मावशी रडली. "पन्नाशीनंतर मोडलेलं हाड जुळत नाही, शिवाय सायकलने गुडघे झिजतात. हट्ट सोडा."

जुळतं. वयाने वेळ वाढतो, पण हाड जुळतं. मावशीच्या वयाच्या बाईने एकदा हाडांची घनताही तपासून घ्यावी, कारण साध्या पडण्याने मनगट मोडणं ही कधीकधी ठिसूळपणाची पहिली खूण असते. गुडघ्यांचं तर उलटंच आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आम्हीच लोकांना स्थिर सायकलवर बसवतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं हे खरं, त्यावर उपाय सीट वर घेणं हा आहे.

मावशीला मी परतीची तारीख दिलेली नाही, तीन कसोट्या दिल्या आहेत. डॉक्टर म्हणाले पाहिजेत की हाड जुळलंय. भिंतीला दोन्ही तळवे टेकवून शरीराचा भार दिला तर दुखता कामा नये. आणि उभ्या सायकलचा ब्रेक त्या हाताने पूर्ण ताकदीने, लागोपाठ दाबता आला पाहिजे, कारण मनगट दगा देतं ते उतारावर. तिन्ही जमलं की हँडल थोडं वर घेऊन, टायरची हवा किंचित कमी ठेवून, सपाट आणि रिकाम्या रस्त्यावर अर्धा तास. सोबत कोणीतरी हवं. घाट नंतर.

तिला उताराची भीती वाटणार आहे. खडी दिसली की हात ताठ होतात, श्वास अडकतो, हे माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं होतं आणि हाड जुळल्यावरही बरेच दिवस राहतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लहान उतार, कमी वेग, पुन्हा तोच उतार, असं करत ही भीती ओसरते. ग्रुपवाल्यांनी या काळात 'अहो काकू, चला ना' म्हणून ओढू नये. तिच्या वेगाने तिच्यामागे राहावं.