पन्नासात पन्नास बसत नाहीत

भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या कंपनीत ज्याला प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढता येतो त्याला आयटी हेड म्हणतात, आणि आमच्याकडे तो मी आहे. माझ्या ताब्यात वायफाय, सीसीटीव्ही, हजेरीचं थंब मशीन आणि स्टोअरच्या कोपऱ्यात एसीखाली ठेवलेला एक लिनक्सचा डबा, त्यात पोस्टफिक्स, म्हणजे मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर. मेल सर्व्हर स्वतःचा कशाला, तर साहेबांना कोणीतरी सांगितलं होतं की माणशी दर महिन्याला पैसे भरण्यापेक्षा हे फुकट पडतं. फुकट म्हणजे मी.

तर सेल्सच्या मॅडम आल्या. "अरे, कस्टमरला ड्रॉइंग पाठवायचंय, आउटबॉक्समध्येच बसलंय, काहीतरी पाचशे बावन्न म्हणतंय." ड्रॉइंग किती एमबीचं? अठरा. आता ५५२ म्हणजे 'मेसेज साइझ एक्सीड्स फिक्स्ड लिमिट', हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण एरर वाचायचा नसतो, त्याचा मोबाइलवर तिरका फोटो काढून आयटीला व्हॉट्सअप करायचा असतो, ही आमच्या ऑफिसची पद्धत आहे.

साहेब म्हणाले, "एवढंच ना, सेटिंगमध्ये जाऊन वाढव." साहेबांच्या मते जगात कुठेतरी सेटिंग नावाची एक खोली आहे आणि तिथे जाऊन बटण फिरवून यायचं असतं. आमच्याकडे काळी स्क्रीन आहे आणि तिच्यात पोस्टकॉन्फ नावाची कमांड. ही कमांड नुसती मारली तर पोस्टफिक्सला माहीत असलेली प्रत्येक सेटिंग पार व्ही पर्यंत ओकून टाकते, शेकडो ओळी, वरच्या बघायच्या आत सुळकन निघून जातात आणि तुम्ही व्ही पाशी तोंड उघडं ठेवून बसता. त्यातली काही वाचून डोकं फिरतं. 'डिसेबल व्हीआरएफवाय कमांड = नो'. व्हीआरएफवाय म्हणजे अमुक पत्ता इथे आहे का असं बाहेरून विचारायची सोय. म्हणजे बंद करायचं का, तर नाही, म्हणजे चालू. असं कोण बोलतं? (आमचे परचेसवाले बोलतात.)

तरी मी तक्रार करणार नाही, कारण विट्से व्हेनेमा नावाच्या डच माणसाने आयबीएमच्या रिसर्चमध्ये असताना १९९८ मध्ये हे पोस्टफिक्स बाहेर आणलं, त्याआधी जवळजवळ सगळीकडे या कामाला सेंडमेल होतं, आणि सेंडमेलची कॉन्फिग फाइल बघितली की कोणीतरी कीबोर्डवर बसलंय असं वाटायचं. इथे निदान शब्द तरी आहेत.

खरी मजा -एन मध्ये. पोस्टकॉन्फ -डी सांगतं पोस्टफिक्ससोबत मुळात काय आलं, आणि -एन सांगतं मेन डॉट सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये मुद्दाम काय काय लिहून ठेवलंय. भाड्याच्या घरात शिरल्यावर आधीच्या भाडेकरूने कुठे कुठे खिळे ठोकलेत ते दिसतं ना, तसं. माझ्या आधी जे गृहस्थ हे सांभाळायचे त्यांना मी कधी भेटलो नाही पण -एन चालवून चालवून आता त्यांच्या स्वभावाची चांगली ओळख झालीये. एकच सेटिंग दोनदा लिहायची सवय, पोस्टफिक्स शेवटची धरतं आणि वर वॉर्निंग देतं की बाबा आधीची रद्द करतोय. आणि 'मायडेस्टिनेशन', म्हणजे कोणत्या नावांवरचा मेल आपला समजायचा त्याची यादी, त्यासमोर नुसता स्वल्पविराम, मग 'लोकलहोस्ट डॉट', मग 'लोकलहोस्ट'. डॉटच्या पुढे काही नाही! म्हणजे झालं असणार असं, की कुठून तरी कमांड कॉपी केली, सिंगल कोटच्या जागी डबल कोट टाकले, आणि त्यातलं 'डॉलर मायहोस्टनेम' आणि डॉटपुढचं 'डॉलर मायडोमेन' पोस्टफिक्सपर्यंत पोचायच्या आत शेलनेच, म्हणजे काळ्या स्क्रीनवर कमांड घेणाऱ्या प्रोग्रामनेच, गिळलं, शेलला त्या नावांचं काही माहीत नाही त्यामुळे रिकामी जागा. आमचं डोमेन नशिबाने व्हर्च्युअल नावाच्या वेगळ्या यादीत नोंदवलेलं आहे म्हणून इतकी वर्षं कोणाला कळलं पण नाही.

त्याच यादीत वरच्या बाजूला 'बिफ = नो' पण आहे. हे मात्र त्या गृहस्थांचं काम नाही, डब्यातलं लिनक्स, म्हणजे डेबियन, तेच टाकून देतं. बिफ हा बर्कलीतला एक कुत्रा. १९८० च्या सुमारास तिथल्या मंडळींनी नवीन मेल आल्याची वर्दी देणाऱ्या प्रोग्रामला त्याचं नाव दिलं, आणि आज भोसरीत स्टोअरमध्ये एका डब्यावर नोंद आहे की तो कुत्रा नको. मी ती ओळ काढत नाही. असू दे.

बरं, आणखी एक. एसएमटीपीडीने सुरू होणाऱ्या सेटिंग येणाऱ्या मेलच्या, एसएमटीपीने सुरू होणाऱ्या जाणाऱ्या मेलच्या. फरक एका डीचा. जाणाऱ्यावर लावायची एनक्रिप्शनची सक्ती चुकून येणाऱ्यावर लागली तर ज्याला टीएलएस, म्हणजे हे एनक्रिप्शन, जमत नाही असा प्रत्येक सर्व्हर दारातूनच परत जातो आणि तुमच्या स्क्रीनवर सगळं शांत असतं, कारण मेल आला नाही हे सांगायला मेल येत नाही. त्या एका अक्षरासाठी मी एंटर मारायच्या आधी ओळ बोट ठेवून वाचतो, आणि कोणी बघत असेल तर मोठ्याने.

असो, आपलं मेसेजच्या साइझचं लिमिट. डीफॉल्ट १०२४०००० बाइट्स. हा आकडा बघा, धड एक कोटी नाही आणि धड १०२४ गुणिले १०२४ गुणिले १० पण नाही. शिवाय अटॅचमेंट बेस-६४ मध्ये जाते, तीन बाइट्सची चार अक्षरं, म्हणजे मॅडमचं अठराचं ड्रॉइंग रस्त्यात चोवीस-पंचवीस होतं. साहेब म्हणाले, "मग पन्नास कर, राउंड फिगर."

"पन्नास बसत नाही साहेब."

"का?"

"मेलबॉक्सचं लिमिट पन्नास आहे."

"मग बसेल की!"

आता काय सांगू? पन्नास एमबीचे ५२४२८८०० होतात आणि व्हर्च्युअल मेलबॉक्स लिमिट आहे ५१२०००००. मेसेज पेटीपेक्षा मोठा ठेवला तर पोस्टफिक्सचा डिलिव्हरीवाला 'फेटल' म्हणून हात वर करतो आणि कोणाचाच मेल पेटीत पडत नाही, दोन ओळींचा सुद्धा. साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला, दोनदा गुणाकार केला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मधले बारा लाख अठ्ठावीस हजार आठशे मीच खाल्ले. पेटी पण वाढवता येते, पण मग बॅकअपची डिस्क, मग नवीन डिस्कचं कोटेशन, ते ऐकल्यावर चाळीसवर तोडपाणी झालं.

पोस्टकॉन्फ -ई, म्हणजे फाइलमध्ये लिही, सिंगल कोट, मेसेज_साइझ_लिमिट = ४१९४३०४०, एंटर. स्क्रीन काहीच बोलत नाही. साहेबांनी विचारलं झालं का, म्हटलं अजून नाही, कारण पोस्टकॉन्फ फाइलमधलं सांगतं, चालू असलेल्या प्रोसेसच्या डोक्यात जुनंच असतं, रीलोड द्यावं लागतं. दिलं. मॅडमना म्हटलं पाठवा.

गेलं! आउटबॉक्स रिकामा. मॅडम खुश, मी चहा मागवला, आणि चहा यायच्या आत बाउन्स आला, म्हणजे मेल पोचला नाही असा निरोप. कस्टमरच्या सर्व्हरचं लिमिट, १०२४००००. तोच आकडा, म्हणजे तिकडे पण कोणीतरी डीफॉल्टला हात न लावता सुखाने बसलाय. मी मॅडमना समजावलं की आता हे आपल्याकडचं नाही, त्यांच्याकडचं आहे.

"हो का," मॅडम म्हणाल्या. "मग ती काळी स्क्रीन उघडलीच आहेस तर त्यांचं पण वाढवून टाक ना."