धपाट्यांचा डबा बाहेरच

परभणीहून रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसने प्रवास करून, सोयाबीनच्या पैशांतून वर्षभर बाजूला काढलेल्या रकमेची तिकिटे घेतल्यावर, मनोरंजन उद्यानाच्या दारात आईने केलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर ठेवायला लावतात, याचा मला दर खेपेस संताप येतो. मधुमेह असलेल्या माणसाने आतल्या महागड्या, गार पडलेल्या पुलावावरच दिवस का काढावा? सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत, म्हणून नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यावे लागतात. लॉकरचे पैसे वेगळेच. धाकटीला उंची मोजून पूर्ण तिकीट लावले, आणि मोठ्या पाळण्यापाशी मात्र तीच उंची कमी ठरवून तिला रांगेतून रडत परत पाठवले. हे सारे तिकीट घेण्यापूर्वी स्पष्ट सांगायला हवे.