गोडेलने खरोखर काय सिद्ध केले?

‘गणिताला तर्कशास्त्राचा पाया देण्याचा फ्रेगेचा प्रयत्न रसेलच्या एका पत्राने कोसळला, मग खुद्द रसेलला एक अधिक एक बरोबर दोन हे सिद्ध करायला ३६२ पाने लागली, आणि अखेर १९३१ मध्ये गोडेलने गणित श्रद्धेवरच उभे असल्याचे दाखवून दिले,’ अशा आशयाचा मजकूर फ्रेगे, रसेल आणि गोडेल या तर्कशास्त्रज्ञांविषयी सतत फिरत असतो. त्यातल्या प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, आणि त्या थोड्याच्या आधारावर उरलेले खपून जाते.

पानांचा मुद्दा लगेच निकालात काढता येतो. रसेल आणि व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, ज्यावरून पुढे हे समीकरण निघते ते प्रमेय ३६२व्या पानावर आहे हे खरे, परंतु आधीची पाने त्या एका बेरजेवर खर्ची पडलेली नाहीत, त्यांत विधाने, वर्ग आणि संबंध यांचे तर्कशास्त्र मुळापासून उभारलेले आहे. शिवाय तिथे बेरजेची व्याख्याही झालेली नसते. प्रत्यक्ष समीकरण येते ते दुसऱ्या खंडात.

रसेलच्या १६ जून १९०२ च्या पत्राने फ्रेगेचा पाचवा मूलभूत नियम (कोणत्याही गुणधर्माने वस्तूंचा एक वर्ग ठरतो, असे मानायला लावणारा) मोडला, आणि तो आघात मोठाच होता. मात्र फ्रेगेच्या अंकगणिताला त्या नियमाची खरी गरज एकाच ठिकाणी लागते: ज्याला ‘ह्यूमचे तत्त्व’ म्हणतात ते मिळवण्यासाठी. पंगतीत प्रत्येक पाटासमोर एकच पान मांडलेले असेल आणि एकही पान किंवा पाट उरला नसेल, तर काहीही न मोजता दोहोंची संख्या सारखी आहे हे कळते. तत्त्व एवढेच सांगते. त्यावरून शून्य म्हणजे ‘स्वतःहून भिन्न असलेल्या’ वस्तूंची संख्या, कारण अशी वस्तू एकही नाही. एक म्हणजे ‘शून्याशी समान असलेल्या’ वस्तूंची संख्या. दोन म्हणजे शून्य किंवा एक यांच्याशी समान असलेल्या वस्तूंची. प्रत्येक संख्या पुढच्या संख्येला जागा करून देते आणि मालिका कुठेच थांबत नाही. पाचवा नियम बाजूला ठेवूनही या तत्त्वावरून संपूर्ण अंकगणिताचे नियम निघतात, हे तत्त्वज्ञ क्रिस्पिन राइट यांनी १९८३ मध्ये मांडले.

गोडेलच्या प्रमेयात श्रद्धेविषयी काहीही नाही. जी प्रणाली सुसंगत आहे, जिची गृहीतके यांत्रिकपणे ओळखता येतात आणि जिच्यात पुरेसे अंकगणित मावते, तिच्यात सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही असे विधान असतेच, एवढे ते सांगते. नुसत्या बेरजेच्या अंकगणिताला ते लागूही पडत नाही. ते पूर्ण आहे, म्हणजे त्यातले प्रत्येक विधान सिद्ध तरी करता येते किंवा खोडून तरी काढता येते, हे गणितज्ञ प्रेसबर्गरने १९२९ मध्येच दाखवले होते. अंकगणितातले प्रत्येक सत्य एकाच प्रणालीत सिद्ध होईल, ही आशा मात्र गोडेलमुळे निश्चितपणे संपते. पण हीच अडचण संचसिद्धांतासह गणिताच्या प्रत्येक पायाला येते, मग ती एकट्या तर्कवादाविरुद्धचा, म्हणजे गणिताचा पाया तर्कशास्त्रच आहे या फ्रेगे-रसेलच्या मताविरुद्धचा, पुरावा कशी ठरेल? सगळे निष्कर्ष यांत्रिक नियमांनी मिळतील तेच तर्कशास्त्र, असे आधी मानले तरच ती तशी ठरते, आणि तसे का मानावे याचे उत्तर गोडेलच्या प्रमेयात नाही.

माझ्या मते तर्कवादाला खरा धोका वेगळ्याच बाजूने आहे. ह्यूमचे तत्त्व स्वीकारताच अनंत वस्तूंचे अस्तित्व मान्य करावे लागते, आणि जगात किती वस्तू आहेत हे ठरवणे तर्कशास्त्राचे काम नव्हे, असा आक्षेप तत्त्वज्ञ जॉर्ज बुलोस यांनी घेतला. त्यावर सर्वमान्य होईल असे उत्तर तर्कवाद्यांना अजून देता आलेले नाही.