‘चपटे छर्रे देऊन फसवलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. एक स्टार देऊन तुम्ही जे लिहिलंय ते सगळं वाचलं. तक्रार थोडक्यात अशी: बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या दुकानातून तुम्ही एअर रायफलच्या ४.५ मिमीच्या चपट्या डोक्याच्या छऱ्यांचा डबा नेलात. आमच्या रेंजवर १० मीटरला ते छर्रे एकाच भोकात जात होते, पण खानापूरकडच्या तुमच्या शेतात ३५ मीटरवर तळहाताएवढे पसरले. मग दुसरीकडून स्वस्तातले टोकदार छर्रे आणलेत, त्यातले तीनच्या तीन करवंटीला लागले. शिवाय रिव्हॉल्व्हरसाठी साच्यात शिसं ओतून गोळ्या करणारे परदेशी लोक गोल नाकाचीच गोळी सर्वांत अचूक मानतात, म्हणून चपटं डोकं हे दुकानदारांचं थोतांड आहे, आणि डब्याचे पैसे परत हवेत.

थोतांड हा शब्द मनाला लागला. आमच्याकडे निपाणी-चिकोडीपासून मुलं शिकायला येतात आणि त्यांचे आईवडील हे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चपट्या डोक्याचा छर्रा १० मीटरच्या कागदासाठीच असतो. डब्यावर तसं छापलंय, आणि पावतीवर आम्ही ‘१० मीटर’ असं लिहूनच देतो. तो कागदातून स्वच्छ गोल भोक पाडतो. टोकदार किंवा घुमटी (घुमटासारख्या गोल डोक्याचा) छर्रा कागद फाडत जातो, मग कडा नेमकी कुठल्या रेषेला लागली ते कळत नाही. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम ०.५ मिमीचा असतो, एअर पिस्तूलचं दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं. तिथे गुण त्या कडेवरच ठरतात. २०२४ साली पॅरिसला मनू भाकरने ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, त्या १० मीटर एअर पिस्तूलमध्ये सगळीकडे चपटाच छर्रा चालतो.

पण हाच छर्रा ३५ मीटरवर तसाच जाईल ही अपेक्षा बरोबर नाही. सपाट डोक्याला हवा अडते, वेग लवकर पडतो, छर्रा डगमगायला लागतो. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, त्यात उघड्या शेतातलं आडवं वारं. २५ मीटरच्या पुढे घुमटी डोक्याचाच छर्रा घ्यावा, हे आम्ही विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

टोकदारांचं म्हणाल, तर तीन छऱ्यांवरून काहीच ठरत नाही. कुठल्याही बंदुकीतून तीन-तीनचे गट मारत बसा, एखादा सुरेख येतोच. दहा मारा, मग खरा पसारा दिसतो. शिवाय ते टोक मऊ शिशाचं. डब्यात एकमेकांवर आपटून वाकतं, आणि मुळातच ते अगदी मधोमध बसवणं कठीण.

आता रिव्हॉल्व्हर. तो आमचा धंदा नाही, आणि आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. पण विषय तुम्ही काढलात आणि तो मला मनापासून आवडतो. गोल नाकाची गोळी वाईट नाही. पण .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात कागदावर नेम मारणारे पिढ्यान्‌पिढ्या १४८ ग्रेनची, म्हणजे साधारण ९.६ ग्रॅमची, पूर्ण सपाट नाकाची वॉडकटर गोळीच वापरत आले. २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल या स्पर्धेच्या प्रकारात .३२ची वॉडकटर आजही चालते. लांब पल्ल्यासाठी एल्मर कीथ या अमेरिकन बंदूकतज्ज्ञाने १९२०च्या दशकात सेमी-वॉडकटरचा, म्हणजे पुढे लहान सपाट नाक आणि मागे खांदा असलेल्या गोळीचा, साचा आखला, तोही अजून लोकांच्या वापरात आहे. म्हणजे तिथेही अंतर बघूनच नाक निवडतात.

आणि ज्यांनी साचे खरोखर ताडून पाहिलेत ते नाकाच्या आधी गोळीचा व्यास बघतात. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी आधी चक्राच्या खणातून निघते आणि मग नळीत शिरते. खणाचं तोंड अरुंद असेल तर मऊ शिसं तिथेच दाबलं जातं, पुढे नळीत गोळी सैल पडते, बाजूने गॅस निसटतो आणि नळीत शिसं चिकटतं. मग साचा कितीही नामी असो, गट पसरतोच. दुसरं, बूड. ओतताना शिसं कडेपर्यंत भरलं नाही आणि बुडाची कड गोलसर राहिली, तर नळीच्या तोंडाशी गॅस एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी तिरकी ढकलली जाते. नाकावरचा ओरखडा त्या मानाने पुष्कळ चालून जातो.

छऱ्याचंही अगदी हेच. त्याच्या मागच्या पातळ घेराला एक चेप पडला की डोकं चपटं, घुमटी की टोकदार हा प्रश्नच उरत नाही. घरी करून बघा: काचेचा तुकडा किंचित तिरका ठेवा आणि एकेक छर्रा वरून सोडा. डोकं आणि घेर यांचा व्यास वेगळा, त्यामुळे चांगला छर्रा वळण घेत जातो आणि सगळे चांगले छर्रे साधारण एकाच जागी खाली येतात. चेपलेला मध्येच अडखळतो किंवा भलतीकडे जातो. डबा जीपच्या डॅशबोर्डवर खडखडत शेतावर नेला असेल तर असे बरेच निघतील. बेळगावच्या पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं तर छऱ्यांवर पांढरी भुकटीही धरते, तसले मारूच नका. आमच्या पोराने तुम्हाला हात धुवायला सांगितलं त्याचाही तुम्हाला राग आलाय. शिशाचे हात जेवणाला लागू नयेत, हे तो सगळ्यांनाच सांगतो आणि सांगत राहील.

तुम्ही बंदूक बांधाच्या दगडावर टेकवून मारलीत असं लिहिलंय. खरं कारण बहुधा तिथेच आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढल्यावर आधी पिस्टन पुढे झेपावतो, बंदूक हिसका खाते आणि मग छर्रा बाहेर पडतो. कठीण जागेवर टेकवली की ती दर वेळी वेगळी उडते. डाव्या तळव्यावर अलगद ठेवा, आवळून धरू नका.

पैशांचं: उघडलेला डबा आम्ही परत घेत नाही, कारण तो पुढे कुणाला विकता येत नाही. पण एखाद्या रविवारी सकाळी बंदूक, उरलेले चपटे छर्रे आणि ते टोकदारही घेऊन या. घुमटी छर्रे आमच्याकडचे वापरू, त्याचे पैसे नकोत. मागच्या मोकळ्या पट्टीवर २५ मीटरपर्यंत सोय आहे, मागे मातीचा बंधारा आहे. तिन्ही प्रकारचे दहा-दहा तुमच्या हाताने मारा, कागद घरी न्या आणि जे दिसेल त्याचे फोटो इथेच टाका. टोकदार जिंकले तर तेही लोकांना कळू दे.