काखेत झिप, गावाला वळसा

डोंगरात भिजू नये म्हणून एक जॅकेट घ्यायचं. एवढ्याशा कामाला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि वर थोडी अध्यात्माची बैठक लागते हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी मुकाट्याने भिजलो असतो. माझी मागणी माफक होती. बाहेरचं पाणी आत येऊ नये आणि आतला घाम बाहेर जावा. दुकानात ती बोलून दाखवली.

"वॉटरप्रूफ हवंय की ब्रीदेबल, सर?"

"दोन्ही."

"किती?"

"एकच जॅकेट हवंय हो."

"तसं नाही सर. किती हजार?"

मला वाटलं बजेट विचारतोय. तो मिलिमीटर विचारत होता.

हा मिलिमीटर म्हणजे पाण्याचा उभा स्तंभ. कापडावर किती उंचीचा स्तंभ उभा केला तर त्याचा दाब ते सोसेल, याचा आकडा. दहा हजार म्हणजे दहा मीटर, जवळपास तीन मजले. माझ्या डोक्यावर तीन मजली पाणी उभं राहिलं तर मला जॅकेटची नव्हे, मानेची काळजी वाटेल. पण तंत्र असं की प्रयोगशाळेत कापडाचा तुकडा पकडीत घट्ट बसवतात आणि पाण्याचा दाब वाढवत नेतात. एका ठिकाणी थेंब फुटतो, दुसऱ्या ठिकाणी फुटतो, तिसऱ्या ठिकाणी फुटला की त्या क्षणाचा दाब टिपून घेतात. पहिल्या दोन थेंबांना कुणी विचारत नाही. डोंगरात मात्र कॉलरमधून शिरून मणक्यामणक्याला भेट देत खाली जाणारा पहिलाच थेंब सगळं काही सांगून जातो.

आकडा अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. पाऊस स्वतः एवढा दाब देत नसला तरी भरलेल्या सॅकचे पट्टे खांद्यावर देतात आणि ओल्या खडकावर बसलं की आपलं वजन देतं. माझ्यापुरतं म्हणाल तर दहा हजाराच्या पुढचे मजले मला बाल्कनीसकट फुकट दिले तरी नकोत. पण आमच्या ग्रुपमध्ये एक जाणकार आहे. तो म्हणाला, "दहा हजारात काय होतंय? वीस घे. अठ्ठावीस मिळालं तर डोळे झाकून घे." हा गृहस्थ हवामानखात्याने पावसाचा नुसता संशय व्यक्त केला तरी ट्रेकला येत नाही. त्याचं जॅकेट आजतागायत कोरडं आहे, हे त्याला तंत्रज्ञानाचं यश वाटतं.

मग ब्रीदेबिलिटी. एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ आरपार जाते त्याचा आकडा. इथेही हजारांचीच भाषा. शिवाय मोजायच्या पद्धती अनेक. एकीत पाण्याचं भांडं सरळ ठेवून त्याच्या तोंडावर कापड ताणतात, दुसरीत भांडं पालथं घालतात आणि पालथं घातलं की त्याच कापडाचा आकडा फुगलेला दिसू शकतो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे वाया गेलेले कष्ट, अशी माझी आजवरची समजूत होती. इथे पालथ्या घड्याच्या जिवावर अख्ख्या कंपन्यांची टॅगं छापली जातात. भांड्याची पोझिशन टॅगवर बारीक अक्षरात असते, किंवा नसतेच. यावर कडी म्हणजे आरईटी नावाचं तिसरं माप. त्यात वाफेला होणारा अडथळा मोजतात, म्हणून आकडा जितका लहान तितकं जॅकेट चांगलं. सहाच्या आत असेल तर उत्तम, वीसच्या वर गेला तर नापास. म्हणजे एका टॅगवर वीस हजार ही शाबासकी आणि शेजारच्या टॅगवर वीस ही बदनामी. मी दोन्ही टॅग हातात धरून बराच वेळ उभा होतो. शेवटी विक्रेत्याने माझ्यासाठी खुर्ची आणली.

या सगळ्या भानगडीचं मूळ शोधायला गेलं तर १८२३ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पेटंट घेतलं. पाणी अडलं, पण त्याचबरोबर घामही अडला. शिवाय ते सुरुवातीचे कोट थंडीत ताठ व्हायचे, उन्हात चिकट व्हायचे आणि वास मारायचे तो वेगळाच. हा पेच सुटायला १९६९ उजाडावं लागलं. अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या गरम कांड्या हळूहळू, जपून ताणायचा प्रयत्न करत होते आणि त्या तुटत होत्या. वैतागून त्यांनी एक जोराचा हिसका दिला. कांडी तुटली तर नाहीच, उलट कितीतरी पट लांबली आणि आत सूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. छिद्रं अशी, की गोर यांच्या कंपनीच्या सांगण्यानुसार पाण्याच्या थेंबापेक्षा वीस हजार पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा सातशे पटींनी मोठी. थेंब आत शिरत नाही, वाफ निसटते. १९७६ पासून हे गोर-टेक्स म्हणून बाजारात आलं. माणसाने चिडावं तर असं. मी चिडलो की फक्त रक्तदाब ताणला जातो.

पण त्या सातशे पटींच्या दारातून वाफेने जायचं कशाच्या जोरावर, हे दुकानात कुणी सांगत नाही. आत बाष्पाचा दाब जास्त, बाहेर कमी, या फरकावरच सगळा व्यवहार चालतो. बाहेर कोरडी थंड हवा असेल तर वाफ गुमान निघून जाते. बाहेर धो धो पाऊस, धुकं आणि वर उकाडा असेल, तर बाहेरची हवाच बाष्पाने तुडुंब भरलेली असते. तिथे वाफ जाणार कुठे? म्हणजे जॅकेटची खरी गरज जेव्हा असते, नेमकं तेव्हाच ते दमतं. त्यात दमछाक करणाऱ्या चढावर माणूस तासाला लिटरभर, कधी त्याहूनही जास्त घाम गाळतो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि पाणी दोन्हीकडे.

थरांचं प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण मलाही ते थोडक्यातच झेपलं. जॅकेटं दोन थरांची, तीन थरांची आणि अडीच थरांची असतात. अडीच म्हटलं की मला बुद्धिबळातला घोडाच आठवतो, पण इथे अर्धा थर म्हणजे त्या सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याच्या आतल्या बाजूवर दिलेला पातळ लेप किंवा छापलेली नक्षी. वजनाला हलकं, घडी इवलीशी, आणि घाम आला की दंडाला चिकटतं. तीन थरांचं जड, महाग आणि टिकाऊ. अंगात असताना हात हलवला की शेजारचा वळून बघतो, एवढी कुरकुर करतं. वरच्या कापडातल्या धाग्याची जाडी डेनिअरमध्ये मोजतात. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. वीस डेनिअर म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीहून लांब धागा आणि वजन अवघं वीस ग्रॅम. हे ऐकून मी इतका भारावलो, की तेच कापड करवंदीच्या जाळीत दोन पावलंही टिकणार नाही याची आठवण शेवटी जाणकारानेच मला करून दिली.

आता ट्रायल रूम. पावसाचं जॅकेट ज्या जागी निवडतात तिथे एसी चालू असतो, जमीन कोरडी असते आणि चढ म्हणाल तर उंबऱ्याचा. तरीही परीक्षा घ्यावीच लागते. दोन्ही हात वर करून कपार धरल्याचा अभिनय केला, तर बहुतेक जॅकेटं पोटावरून वर सरकून बेंबीला हवा देतात. तिथूनच पाणी शिरणार. खिसे बघायला गेलो तर नेमके तिथे, जिथे सॅकचा कमरपट्टा किंवा हार्नेस बसतो. म्हणजे खिशात होकायंत्र असेल तर ते काढायला आधी सॅक उतरवायची. छातीवर उंच बसवलेले खिसे त्या मानाने शहाणे.

पण खरा घोळ हूडचा. आरशासमोर समोर बघत उभं राहिलं की कुठलंही हूड झकास दिसतं. मान डावीकडे वळवली की कळतं. मान वळते, हूड तिथेच राहतं. उजवा डोळा समोरचा उजेड बघतोय आणि डावा डोळा हूडच्या आतल्या शिवणीवर चिकटवलेली पट्टी वाचतोय. ती पट्टी सुईने पाडलेली भोकं बुजवायला असते. सगळ्या शिवणींना आहे की फक्त मोक्याच्या जागी, हे बघायचंच असतं, पण एवढ्या जवळून नव्हे. मग मागची दोरी ओढायची. ती ओढली की हूड कवटीला बसतं आणि मानेबरोबर फिरतं. पुढची दोरी ओढली की चेहरा आवळला जाऊन नाक आणि दोन गाल एवढंच उरतं. मागची सैल करायला गेलो तर पुढचीच हाताला येत होती. मी पडद्याबाहेर आलो तेव्हा एक छोटी मुलगी आईच्या मागे लपली. "हेल्मेटवरूनही बसतं सर," विक्रेता म्हणाला. हेल्मेटवर बसतं म्हणजे विनाहेल्मेट डोक्यावर तंबू होतो, आणि विनाहेल्मेट बसतं ते हेल्मेटवर चढत नाही. दोन्ही जमवणारं हूड असतं, पण माझ्या मापात ते फक्त काळ्या रंगात होतं. डोंगरात हरवलो तर शोधणाऱ्यांना दिसावं म्हणून मला नारिंगी हवं होतं. जाणकार म्हणाला, "तू हरवलास तर आवाजावरून सापडशील."

तेवढ्यात विक्रेत्याने हुकमाचं पान टाकलं. बाटलीतलं पाणी जॅकेटच्या बाहीवर ओतलं. टपोरे थेंब झाले, गडगडत गेले, बाही कोरडी. आजूबाजूचे चार लोक जमले. पण ही करामत त्या आतल्या सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याची नाही. ती वरच्या कापडावर दिलेल्या डीडब्ल्यूआर नावाच्या लेपाची. हा लेप सॅकच्या घासण्याने, मातीने आणि अंगाच्या तेलकटपणाने विरत जातो. मग वरचं कापड पाणी पितं. आतला पडदा अजूनही पाणी अडवतच असतो, पण ओल्या, थंडगार कापडाखाली वाफेची वाट बंद होते आणि तिचं आतच पाणी होतं. आपण म्हणतो, जॅकेट गळतंय. गळत आपणच असतो.

या लेपात वर्षानुवर्षं फ्लोरिनची अशी रसायनं वापरली, जी निसर्गात सहजासहजी नष्टच होत नाहीत. आता ती जात आहेत. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून कपड्यांत त्यांना मनाई केली, फक्त अतिपावसात उतरणाऱ्या तज्ज्ञांच्या कपड्यांना २०२८ पर्यंत मुदत दिली. ट्रायल रूममध्ये दोरीशी झटापट करणारा मी त्या सवलतीत बसत नाही, हे उघड आहे. नवे लेप पाण्याला अडवतात, पण तेलाला तितकं नाही, म्हणून जॅकेट वरचेवर धुवावं लागतं. इथे लोकांचं घोडं पेंड खातं. एवढं महागाचं जॅकेट मशीनमध्ये टाकायचं धाडस होत नाही, न धुतल्याने लेप मरतो, आणि दोष कंपनीला. खरं तर सौम्य द्रव साबण, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, आणि लेबलवर परवानगी असेल तर मंद गरम ड्रायर. उष्णतेने तो लेप पुन्हा अंग धरतो.

हे सगळं ऐकून, वाचून, ओढून, आवळून झाल्यावर सहज हात वर केला आणि काखेखाली एक लांबलचक झिप दिसली. उघडली. गार वारा थेट बरगड्यांपर्यंत. छिद्रं सातशे पट मोठी की सात हजार पट, भांडं पालथं की उताणं, सगळं एका फटीने मिटवलं. मी तेच जॅकेट घेतलं. रंग काळाच.

जाणकाराला फोटो पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं. "छान. आता या जॅकेटवरून घसरलेलं सगळं पाणी मांड्यांवर येणार आणि तिथून बुटात. पँट किती हजारची बघतोयस?"