मध्यमगती गोलंदाज व्हायचंय? अवश्य व्हा!

भारताकडून खेळायचं, पण फार नाही. पेपरात एकदा फोटो यावा, लग्नाकार्यात लोकांनी वळून बघावं, आणि तिशीच्या आसपास सगळं आटपून माणूस नोकरीधंद्याला मोकळा. असा बेत असेल तर फलंदाजीच्या वाटेला जाऊ नका. सरळ मध्यमगती गोलंदाजी धरा. पुण्यात जन्म घ्यायची सोय झाली तर सोन्याहून पिवळं.

सुरुवात दणक्यात हवी. आपल्या पुण्याच्या वसंत रांजणे यांच्यासारखी. १९५६-५७चा हंगाम, खडकवासला, सौराष्ट्राविरुद्ध रणजी पदार्पण. एका डावात ३५ धावांत ९ बळी, त्यात हॅटट्रिक. सामन्यात १३. एवढं करून ठेवलं तर आता सुटका नाही, कायम खेळावं लागणार, अशी धास्ती घेऊ नका. निवड समिती सांभाळून घेते. १९५८ ते १९६४ या काळात रांजणे यांच्या वाट्याला कसोट्या आल्या सात. बळी १९.

पहिल्या कसोटीत काय करायचं, तेही त्यांच्याकडूनच शिका. कानपूर, डिसेंबर १९५८, समोर वेस्ट इंडीज. पहिल्या डावात फिरकीवाल्या सुभाष गुप्ते यांनी एका टोकाने नऊ जण उडवले. उरला एकच, लान्स गिब्ज. त्याचा त्रिफळा कोणी उडवावा? रांजणे यांनी! कसोटीतला पहिला बळी मिळाला खरा, पण गुप्ते यांचे दहा हुकले ते हुकलेच. (विकेट घेतल्याबद्दल ओशाळं व्हायची सोय क्रिकेटमध्ये आणखी कुणाला आहे?)

एरवी काम सोपं असतं. कर्णधार नवा चेंडू हातात देतो तो लकाकी घालवायला. तुम्ही तो तरीही मांडीवर घासघासून चमकवायचा. घरी आईने पांढऱ्या पँटीवरचा लाल डाग ब्रशने खरवडायचा. चार षटकं झाली की स्लिपमध्ये बोटं चोळत उभ्या असलेल्या फिरकीवाल्याला चेंडू द्यायचा आणि मुकाट फाइन लेगला जायचं.

पदार्पणाचा मुहूर्तही बघून काढा. महाराष्ट्राच्या सलील अंकोला यांनी १९८९ची कराची कसोटी साधली. त्याच दिवशी सोळा वर्षांचा एक मुलगाही पहिली कसोटी खेळत होता, तेंडुलकर आडनावाचा. अंकोलांनी दोन बळी घेतले, तीच त्यांची शेवटची कसोटी. आणि एवढीही दगदग नको असेल, तर पांडुरंग साळगावकर आहेतच. वेग जबर, अधिकृत कसोट्या शून्य.

हे सगळं जुनं झालं म्हणता? मग ऑक्टोबर २०२४ची पुण्याजवळच्या गहुंज्याची न्यूझीलंड कसोटी आठवा. पाहुण्यांच्या पहिल्या डावातले दहाही बळी वॉशिंग्टन सुंदर आणि अश्विन या फिरकीवाल्यांनी वाटून घेतले. सात आणि तीन. दुसऱ्या डावात नऊ फिरकीला, एक धावबाद. संघात बुमरासारखा वेगवान गोलंदाज होता.